कडूकंद धुवायचं पाणी

गेल्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बोईसरच्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. निवृत्त शिक्षिका म्हणून मलाही बोलावणं होतं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. फलक, रांगोळी, ग्रंथदिंडी, सगळं यथासांग होतं. चौथीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. विषय होता ‘माझी आजी’. पहिल्या पावसात आजी रानातून शेवळं कशी आणते, चिरताना बोटांना खाज कशी सुटते, ती मारायला भाजीत आंबट काकडं कशी घालायची, हे ती सांगत होती. रंगात आली तशी घरची बोली ओठावर आली. चाराला ती ‘सार’ म्हणाली, साताला ‘हात’. मुलं खिदळली. बक्षीस पाठांतराच्या भाषणाला गेलं. परीक्षकांनी समारोपात तिचं नाव घेऊन सांगितलं, विषय चांगला निवडलास, पण उच्चार शुद्ध कर.

ते मला लागलं. घरी येऊन रात्रभर झोप नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः सालवडच्या शाळेत किती मुलांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. माझी आई केळव्याची. तिच्या वाडवळीत ‘च’चा ‘स’ आणि ‘स’चा ‘ह’ होतो. पाचाला ती ‘पास’च म्हणायची. मांगेल्यांच्या बोलीतही हे ऐकू येतं. हा उच्चार आळसातून आलेला नाही, त्याला पक्का नियम आहे, आणि तो नियम छापून आल्यालाही शंभरावर वर्षं झाली. आईचा नियम मला ठाऊक होता, तरी वर्गात मी तो लाल शाईने खोडत होते.

आमच्या या पट्ट्यातली माणसं काय बोलतात, काय खातात, हे टिपून ठेवायला साहेब लोकांनी केव्हाच सुरुवात केली होती. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जातवार वर्णनं आहेत. ती वाचताना मला कधी माणूस दिसला नाही, म्हणून ती मागे टाकते. १८८५ मध्ये मुंबई सरकारने वनआयोग नेमला, तो मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. त्याच्यापुढचा एक मोठा वाद राबाचा होता. भाताची रोपं करायच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजायचं आणि मग तिथे भाताचं बी टाकायचं, ही ठाणे-कुलाब्याकडची रीत. जंगल खात्याला त्यात झाडांची नासाडी दिसत होती, शेतकऱ्याला पुढच्या वर्षाचा भात. ‘राब’ या दोन अक्षरी शब्दात किती जणांचं पोट होतं, हे सरकारला त्या निमित्ताने ऐकून घ्यावं लागलं.

मग ग्रिअर्सनचं भाषा सर्वेक्षण. त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वारली आहे, काथोडी आहे, वाडवळी, सामवेदी, मांगेली आहे. पद्धत अशी, की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत करून घ्यायची, सोबत ठरावीक शब्दांची आणि वाक्यांची यादी भरून घ्यायची. तुलनेला ते सोयीचं होतं, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या गोष्टीतला मुलगा उपाशी पडतो तेव्हा डुकरांपुढच्या टरफलांवर त्याचा जीव जातो, आणि घरी परतला की त्याच्यासाठी पोसलेलं वासरू कापतात. आमच्या माणसांनी आपली बोली सरकारदप्तरी नोंदवली ती अशी परक्याच्या भुकेतून. उपास पडले तर इथला माणूस काय खणतो आणि सुगी आली की काय रांधतो, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९४५ चं, म्हणजे वारल्यांच्या उठावाच्याच वर्षाचं. त्या उठावावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुम्ही वाचलं असेल. नसेल तर वाचा, वेठबिगारी म्हणजे काय ते दुसरीकडे इतकं कळणार नाही. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारलीला एक खंड दिला. ऑक्टोबर १९६९ पासून तारापूर अणुकेंद्राची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, मागोमाग औद्योगिक वसाहत आली. ही सगळी वर्षं मी ऐकून-वाचून जाणते. डोळ्यांनी पाहिलं ते १९८१ पासूनचं. त्या वर्षी मी सालवडला शिक्षिका म्हणून रुजू झाले.

सालवड तेव्हा भाताच्या खाचरांचं गाव होतं. बांधावर ताड, मधून वाहणारा ओहोळ, आणि एका अंगाने दर वर्षी थोडं पुढे सरकणारं वसाहतीचं कुंपण. वर्गात सगळ्या जातीजमातींची पोरं. हजेरीपटावर गैरहजेरीचं कारण लिहायला जागा नव्हती. मी पेन्सिलीने समासात लिहू लागले, कारण घरोघर जाऊन विचारण्याची मला हौस होती. दोन वर्षांनी तो समास वाचला आणि मी चकित झाले. चैत्रात ‘मामाच्या पाड्यावर, मोह वेचायला’. वैशाखात ‘राब भाजायला’. मृग लागला की ‘शेवळं’ आणि ‘वलगण’. पहिल्या पुराच्या पाण्याबरोबर मासे ओहोळातून खाचरात चढतात ती वलगण. त्या रात्री घरातलं लहानथोर बत्ती घेऊन पाण्यात असायचं, दुसऱ्या दिवशी शाळेत कोण येणार? आषाढात ‘लावणी’, मधेच ‘खेकडे’. श्रावणात ‘कंटोळी’. दिवाळीच्या आधी ‘कापणी’. आणि दिवाळीनंतर काही नावांपुढे जूनपर्यंत एकच शब्द, ‘वीटभट्टी’.

वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो पट पाहिला आणि मुख्याध्यापकांसमोर मला विचारलं, हा काय प्रकार आहे? यापुढे ‘आजारी’ लिहायचं. मी लिहू लागले. चाळीस वर्षं झाली तरी त्या साहेबांवरचा राग गेलेला नाही, आणि स्वतःवरचाही. आजाऱ्यांनी भरलेला तो पट कुणाच्या काही कामाचा नाही.

माणूस अन्न कसं मिळवतो हे शोधायचं तर मानववंशशास्त्राची रीत नेमकी त्या समासासारखीच आहे, हे मला फार पुढे कळलं. कोण, कधी, किती वेळ, किती वजनाचं, आणि आणल्यावर कुणाकुणाच्या ताटात, हे रोज मांडायचं. रिचर्ड ली या अभ्यासकाने १९६४ च्या जुलैत कालाहारी वाळवंटाच्या कडेला एका वस्तीत चार आठवडे हेच केलं. रोज सकाळी कोण बाहेर पडलं, काय घेऊन आलं, ते तोललं. निष्कर्ष असा निघाला, की शिकार करून आणि वेचून खाणाऱ्या त्या माणसांना अन्नासाठी आठवड्यातले जेमतेम अडीच दिवस लागत होते. शिकारी माणूस सदा उपाशी, सदा वणवण करणारा, ही समजूत त्या हजेरीपटाने मोडली. फिलिपाइन्समध्ये हॅरॉल्ड कॉन्क्लिनने हनुनो लोकांकडून त्यांच्या शेतीत आणि रानात वावरत वनस्पतींची नावं घेतली, ती सोळाशेहून अधिक भरली. त्याने भाषा आणि भाकरी वेगळी केली नाही, म्हणून त्याला इतकं मिळालं.

आमच्याकडे १९८४ च्या मे महिन्यात मुंबईहून एक अभ्यासक आले. टेपरेकॉर्डर, छापील यादी, सोबत मी. आम्ही पाड्यावरच्या एका वारली डोकरीपाशी दोन दुपारी बसलो. डोकं, डोळा, पाणी, आग, आई, बाप. डोकरी एकेक शब्द सांगायची. यादीत ‘कंद’ होता. तिने एक नाव सांगितलं, त्यांनी समोर खूण केली. चौकातल्या चित्राबद्दल आणि देवांबद्दल त्यांनी पुष्कळ विचारलं. रोज काय खाता हे विचारलं नाही. पावसाआधी ते गेले, पुन्हा आले नाहीत. माणूस सज्जन होता. पण मे महिन्यात, सारवलेल्या ओट्यावर बसून, कंदाबद्दल काय निघणार?

ते निघालं पौषात. डोकरी मला कडूकंद खणायला घेऊन गेली. वेल सुकून गेलेला, तरी तिला जागा ठाऊक. एकच काठी, टोकाशी लोखंड. अर्धा तास ती जमिनीशी बोलत असल्यासारखी खणत होती. घरी आणून चकत्या केल्या, उकडल्या, राख चोळली, टोपलीत भरल्या, आणि टोपली ओहोळाच्या धारेत दगडांमध्ये अडकवून रात्रभर ठेवली. सकाळी एक चकती तोंडात घालून तिने मान हलवली, टोपली परत पाण्यात. आणखी दोन तासांनी चाखून हसली. कडूपणा गेला नाही तर घसा धरतो, पोट बिघडतं. म्हणजे ती चव ओळखणं ही जिवाशी गाठ. आणि या सगळ्या वेळात तिचं तोंड चालू होतं. खणायच्या काठीला शब्द, वेलाच्या मुळाला शब्द, अर्ध्या उतरलेल्या कडूपणाला वेगळा आणि पुरत्या उतरलेल्याला वेगळा. मी वहीत बावीस शब्द लिहिले. त्या यादीवाल्या दोन दुपारींत यातला एकच आला होता.

ती वही माझ्याकडे आहे. परवा काढली. सात शब्दांपुढे मी अर्थ लिहिला आहे, ‘कंद धुण्याचा एक प्रकार’. कोणता प्रकार ते लिहिलेलं नाही. तेव्हा वाटलं, रोज डोळ्यांपुढे आहे ते काय लिहायचं.

१९८८ च्या हिवाळ्यात डोकरीने कंद आणले, चकत्या केल्या, ओहोळावर गेली आणि टोपली तशीच घेऊन परतली. पाण्याला वास येत होता, दगडांवर पिवळट साय धरली होती. कुठल्या कारखान्याचं ते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिने घरी हंड्यात पाणी बदलून पाहिलं, चार वेळा, पाच वेळा. विहीर लांब, गुडघे दुखणारे. पुढच्या वर्षी तिने कंद आणलेच नाहीत. रानात कंद होता, अंगात कसब होतं, फक्त वाहतं स्वच्छ पाणी नव्हतं. ती रीत थांबली, तिच्यामागे ते बावीस शब्द थांबले. तिच्या नातीला, माझ्याच विद्यार्थिनीला, पुढे विचारलं तर तिला दोन आठवले. लोक म्हणतात बोली शाळेने मारली, टीव्हीने मारली. शाळेचा वाटा मी नाकारत नाही. पण सालवडला मी पाहिलं ते असं, की आधी ओहोळ गेला.

नव्वदनंतरचं भरभर सांगते. खाचरांचे प्लॉट झाले, प्लॉटवर चाळी उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये डॉ. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला. त्यात आमच्या बोली बोलणाऱ्यांच्याच मदतीने नोंदल्या आहेत याचा मला आनंद झाला. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. डेक्कन कॉलेजनेही राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं नवं सर्वेक्षण केलं, आवाज ध्वनिमुद्रित करून सर्वांना खुले केले. खाडीतली मासळी मरू लागली तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये तारापूरच्या कारखान्यांना भरपाई भरायला सांगितली. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. त्या समुद्रात जाळं टाकणाऱ्यांच्या तोंडी वाऱ्याचे, भरतीचे, तळाचे किती शब्द असतील, याचा हिशेब कुठल्या अहवालात मांडला गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आजच्या सालवडमध्ये हिंदी आहे, भोजपुरी आहे, गुजराती आहे. पोटासाठी आलेली ती माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पोट भरायचे शब्द आता शिफ्ट, ठेकेदार, ओव्हरटाइम हे झाले. उद्या अभ्यासक आला तर त्याने तेही लिहावेत, शिफ्ट सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभं राहून लिहावेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पट आता मोबाइलवर भरता, पण शेजारी एक साधी वही ठेवा आणि मूल का आलं नाही ते खरं लिहा. आणि तुम्ही, वाचणारे, बोईसरच्या बाजारात पावसाच्या सुरुवातीला शेवळांच्या जुड्या घेऊन बायका बसतात, जुडीसोबत मूठभर काकडं देतात. तिथे घासाघीस करू नका. विकणारीच्या बोलीत शेवळांना काय म्हणतात ते विचारा, कुठल्या भागाची खाज जास्त, कोणता भाग काढून टाकायचा, किती वेळ शिजवायचं ते विचारा, आणि तिने हाताने दाखवलं तर हाताचंही वर्णन लिहा. मी ते लिहिलं नव्हतं.