चित्रपट, परीक्षण आणि इंग्रजी शब्दसंपत्ती

बंगळूरच्या बनशंकरी भागात ‘सुचित्रा’ ही फिल्म सोसायटी आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशोदेशींचे चित्रपट दाखविण्याची व त्यांवर चर्चा घडविण्याची परंपरा जोपासली. अशा चर्चेत मातृभाषेतून शिकलेल्या प्रेक्षकापुढे पुष्कळदा एक अडचण उभी राहते. चित्रपट त्याला पुरता उमगलेला असतो. परंतु बोलणे इंग्रजीत सुरू झाले की ‘गुड’ आणि ‘बॅड’ यांपलीकडे त्याच्यापाशी शब्द नसतात. उणीव समजुतीची नसते, शब्दांची असते. आणि ती भरून काढण्यास चित्रपटच साहाय्यभूत होऊ शकतो.

संवादातून शब्द प्रसंगासह मिळतो. १९३८ सालच्या ‘पिग्मॅलियन’ या चित्रपटातील फुलवाली निर्दोष उच्चार शिकते. पण प्रतिष्ठितांच्या बैठकीत ती मावशीच्या मृत्यूची हकीकत गल्लीतल्या बोलीत सांगते आणि श्रोते थक्क होतात. ‘ती फुलराणी’मुळे ही कथा मराठी वाचकांस परिचितच आहे. कोणता शब्द कोठे शोभतो, हे ज्ञान कोशापेक्षा अशा दृश्यांतून अधिक सहजतेने होते.

तथापि केवळ संवाद पुरेसे नाहीत. मूळ शब्द व त्याची साधित रूपे मिळून एक शब्दकुल होते. वेब आणि रॉजर्स यांच्या २००९ सालच्या अभ्यासानुसार, विशेषनामे परिचित आहेत असे धरल्यास, नित्य वापरातील ३,००० शब्दकुले जाणणाऱ्यास इंग्रजी चित्रपटांतील सुमारे ९५ टक्के शब्द कळतात. अर्थात संवादांत दुर्मीळ शब्द थोडेच भेटतात. ते परीक्षणांत अधिक आढळतात, कारण परीक्षकाला गुणदोषांतील सूक्ष्म भेद सांगावयाचे असतात.

म्हणून परीक्षण चित्रपट पाहिल्यानंतर वाचावे. ‘सेंटिमेंटल’ आणि ‘पॉइग्नंट’ हे दोन्ही शब्द भावनेविषयीचेच. पण पहिला बहुधा भावविवशतेचा दोष दाखवितो, तर दुसरा मनाला चटका लावणारी करुणा सुचवितो. पाहिलेले दृश्य मनात ताजे असल्यास हा भेद तत्काळ ध्यानी येतो.

एका बैठकीत चार-पाच शब्द पुरेत. प्रथम संदर्भावरून अर्थाचा तर्क करावा, मग कोश पाहावा, आणि शेवटी तोच शब्द योजून दुसऱ्या एखाद्या चित्रपटाविषयी स्वतःचे वाक्य लिहावे. एकाच चित्रपटाची परस्परविरोधी मते मांडणारी दोन परीक्षणे मिळाल्यास फारच उत्तम. त्यांतून शब्दांबरोबर मतभेद सभ्यपणे मांडण्याची रीतही अंगवळणी पडते. पुढच्या चर्चेत मग त्या प्रेक्षकाला केवळ श्रोता राहण्याचे कारण उरत नाही.