बसल्या जागी साडेआठ किलोमीटर

२०२२च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत वाघांच्या खुणा शोधत माणसं ६,४१,४४९ किलोमीटर पायी फिरली. विषुववृत्तावरून पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा! ताशी तीन किलोमीटरची चाल धरा, जीपीएसने सेकंदाला एक नोंद केली असं समजा, तर या पायपिटीचे ७७ कोटी बिंदू होतात. एकेका बिंदूत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ मिळून शंभरेक अक्षरं. म्हणजे ७,७०० कोटी अक्षरांचा ऐवज, आणि त्यातला बराचसा नुसता कचरा.

कचरा का, ते ताडोबात उभं राहिलं की कळतं. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर. तिथून निघालेला संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची ताकद किती उरते? एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी, त्यातला एक घ्या. साधारण तेवढी. वेळ मोजताना सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यात पावसाळ्यातला साग. त्याच्या रुंद ओल्या पानांत हा संदेश आणखी क्षीण होतो, खोडाखडकांवर आपटून उशिरा पोचतो. उन्हाळ्यात साग उघडा पडला की तीच पायवाट बरीच सरळ नोंदली जाते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणाऱ्याचं उदाहरण घ्या. बारा तास ट्रॅक चालू, दर दहा सेकंदांना एक नोंद, आणि प्रत्येक नोंद आधीच्यापेक्षा सरासरी दोन मीटर इकडेतिकडे. ४,३२० नोंदी, ८,६४० मीटर. वाघ दिसो न दिसो, साडेआठ किलोमीटरची पायपीट खात्यावर जमा! नोंदी दाट असल्या की अंतर असं फुगतं. विरळ असल्या की उलट होतं. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून ज्ञानगंगेत पोचलेल्या सी-१ वाघाच्या कॉलरने नऊ महिन्यांत पाच हजारांवर नोंदी दिल्या आणि त्या जोडून सुमारे ३,००० किलोमीटर भरले. दोन नोंदींमध्ये सरासरी सहाशे मीटरची सरळ रेघ. वाघ काही रेघेवरून चालत नाही. त्याची खरी चाल याहून जास्तच असणार.

वाटेऐवजी जंगलाची शीव चालून नोंदायची असेल तर? त्यासाठी आता गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला येऊ. २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. एवढं जंगल अगदी गोल असतं, तरी त्याच्या कडेने १५ किलोमीटर चालावं लागलं असतं. सेकंदाला एक नोंद धरली तर पाच तास, १८,००० बिंदू. यातले कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे ठरवण्याचे पर्याय इतके, की तो आकडा लिहायला ५,४०० हून जास्त अंक लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंचा अंदाजी आकडा ऐंशी-एक्याऐंशी अंकांत मावतो.

साधा फोन मात्र हे काम क्षणात उरकतो. आधी अशक्य उड्या काढायच्या: सेकंदात दोनशे मीटर म्हणजे ताशी ७२० किलोमीटर, तो बिंदू बाद. मग १९७३ साली डग्लस आणि पॉयकर यांनी मांडलेली रीत. पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ रेघेने जोडा. रेघेपासून सर्वांत लांब कोण, ते पाहा. तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर ठेवा, तिथे रेघ मोडा, दोन्ही तुकड्यांवर तेच करा. मर्यादेत असेल तर मधले सगळे बिंदू गाळा. जाता जाता दशांशही छाटावेत. काही फायलींत अक्षांशाचे पंधरा दशांश असतात. पंधरावा दशांश म्हणजे एका अणूची रुंदी. आणि मुळात चूक पाच-दहा मीटरची!

मर्यादा किती ठेवायची, हा प्रश्न मात्र गणिताचा नाही. गस्तीच्या ट्रॅकला पाच मीटर खुशाल चालतील. पण १५ किलोमीटरच्या शिवेवर पाच मीटर म्हणजे, सगळी चूक एकाच बाजूला गेली तर, साडेसात हेक्टर. मेंढ्याच्या ग्रामसभेकडे २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार आला. अशा ठिकाणी साडेसात हेक्टर कुणी सहज सोडणार नाही. धुऱ्यावरून हातभर जमिनीसाठी कज्जे चालवणारा आपला मुलूख.

त्यातही खरी गोम शेजारच्या गावाशी आहे. एकच शीव दोन गावांनी वेगवेगळी चालून वेगवेगळी सोपी केली, की दोन रेघा कधीच जुळत नाहीत. मध्ये चिंचोळ्या पट्ट्या उरतात: काही दोन्ही गावांच्या, काही कुणाच्याच नाहीत. म्हणून सामाईक शीव एकदाच, दोन्ही गावांनी मिळून चालावी. नाल्यांचे संगम आणि हद्दीचे दगड इथे थांबून नोंदी घ्याव्यात, त्यांची सरासरी काढावी आणि ते बिंदू न गाळण्याजोगे म्हणून आधीच पक्के करावेत. मग उरलेल्या अठरा हजारांवर कात्री चालवायला हरकत नाही.