स्टेंट बसल्यानंतरचे दिवस (लेखांक सहावा)

मासळी निवडायला वाकलं की तोंड भरून येतं, शर्टाचं वरचं बटण काचतं. बुरोंडीच्या बंदरावर कुणी असं म्हणालं तर पहिला संशय उन्हावर किंवा पित्तावर जातो. पण छातीवर निळसर शिरांचं जाळं उठलं आणि माणूस रात्री उशीला टेकून बसूनच झोपायला लागला, तर सीटी स्कॅन लांबवू नये. डोकं, मान आणि हातांचं रक्त हृदयाकडे आणणारी वरची महाशीर गाठीखाली दबलेली असू शकते. ही शीर जेमतेम ७ सेंटिमीटर लांब, पातळ भिंतीची. आतला दाबही इतका कमी, की शेजारी फुप्फुसाची गाठ वाढली तर ती सहज चेपते.

तिथे स्टेंट, म्हणजे तारेची जाळी, कशी बसवतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. डोक्याचा जडपणा बरेचदा लगेच उतरतो, चेहऱ्याची सूज एक-दोन दिवसांत. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण वाट मोकळी झाली तरी गाठ तिथेच असते.

सगळ्यात जास्त भेटणारा त्रास म्हणजे स्टेंट पुन्हा बंद होणं. कर्करोगात रक्त आधीच लवकर गोठतं, त्यात शिरेतला प्रवाह संथ. जाळीवर गुठळी धरते. किंवा गाठच जाळीच्या भोकांतून आत शिरते. अशा वेळी फुगा फुगवून किंवा आत दुसरा स्टेंट घालून वाट बहुतेकदा पुन्हा उघडता येते, मात्र वेळेत पोचायला हवं.

क्वचित घडणारे प्रकार जास्त घातक. स्टेंट सरकून हृदयात जाऊ शकतो. शिरेचा खालचा भाग हृदयाच्या आवरणात असतो. तिथे भिंत फाटली तर आवरणात रक्त साठून हृदयच दाबलं जातं. तुंबलेलं रक्त एकदम परतल्याने फुप्फुसात पाणीही होतं. हे बहुधा प्रक्रियेच्या वेळी किंवा लगेच नंतर घडतं. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील तितकं थांबावं, डिस्चार्जची घाई करू नये.

रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस घ्यायची, याचा सगळ्यांना लागू पडणारा नियम नाही. ते कागदावर लिहून घ्या. केमोथेरपीत प्लेटलेट्स उतरल्या तर त्याच गोळीने रक्तस्राव होऊ शकतो; तेव्हा काय करायचं, हेही आधीच विचारा. मनाने गोळी बंद करू नका.

घरी रोज सकाळी चेहरा आणि गळा बघा, कारण आडवं झोपल्यावर सूज वाढते. घड्याळाचा पट्टा कालच्या भोकात बसतो का, तेही पाहा. सूज परतली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर मुंबईची गाडी धरू नका. ती वाट २०० किलोमीटरहून जास्त आहे. आधी दापोली गाठा, आणि डिस्चार्जचा कागद व स्कॅनची सीडी पिशवीत घ्या. समोरच्या डॉक्टरांना आत स्टेंट आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.