पर्वतावरच्या बर्फाचा हिशेब

पावसाळ्यात महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो, आणि घाट उतरून वाईला यावे तर रस्ता कोरडा! अंतर ३० किलोमीटरच्या आसपास. फरक सारा डोंगराचा. या मुलखाचा ‘सरासरी’ पाऊस कुणी सांगितला, तर तो ना महाबळेश्वरचा असेल, ना वाईचा. पर्वतावरच्या बर्फाचा अंदाज करताना शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण येते.

हवामानाचे प्रारूप, म्हणजे मॉडेल, ही संगणकात मांडलेली पृथ्वीच. तिच्यावर चौकटींची जाळी टाकून प्रत्येक चौकटीतले तापमान, वारा, बाष्प यांचे गणित सोडवतात. जागतिक प्रारूपात एकेक चौकट साधारण १०० किलोमीटरची असते. तिच्यात शिखर आणि दरी यांची सरासरी होऊन डोंगर बुटका होतो. उंचीच्या प्रत्येक किलोमीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरते. त्यामुळे बुटक्या डोंगरावरची हवा उबदार ठरते आणि गणितात बर्फाऐवजी पाऊस पडतो.

अमेरिकेत रॉय रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडो नदीच्या उगमाकडच्या पर्वतांसाठी ३६ किलोमीटरपासून २ किलोमीटरपर्यंतच्या चौकटी वापरून पाहिल्या. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बारीक चौकटींचे आकडे पर्वतावरच्या स्वयंचलित केंद्रांशी चांगले जुळले. या केंद्रांत द्रव भरलेल्या चपट्या उशीवर बर्फ साचतो आणि त्याचे वजन आपोआप नोंदले जाते.

मग त्यांनी होऊन गेलेल्या हिवाळ्यांची हवा प्रारूपात अधिक उबदार केली. उबदार हवेत बाष्प जास्त मावते, म्हणून हिमवृष्टी १० ते २५ टक्क्यांनी वाढली. मग बर्फाचा साठा वाढला का? नाही. उंचावर भर पडली, तर खालच्या उतारांवर वितळणे वाढले. सर्वाधिक साठा जवळपास तेवढाच राहिला. पण तो २ ते १७ दिवस आधी झाला आणि १ एप्रिलला बर्फात शिल्लक असलेले पाणी २५ टक्क्यांनी घटले.

कोलोरॅडोच्या पाण्यावर सुमारे ४ कोटी माणसे अवलंबून आहेत. बर्फ हे त्यांचे भिंतीवाचूनचे धरण. ते लवकर रिते झाले, तर ऐन उन्हाळ्यात पिकांना पाणी कुठून मिळणार?

आपल्या सतलज-बियासचे उन्हाळ्यातले पाणीही बरेचसे हिमालयातल्या बर्फाचेच. तिथे उंचावर मोजणीची केंद्रे थोडी, म्हणून बारीक चौकटींच्या प्रारूपांची गरज अधिक. पण प्रारूप पडताळायला केंद्रेही हवीतच. संगणकाने सांगितलेला बर्फ शेवटी डोंगरावर तोलूनच पाहावा लागतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)