पऱ्हे आणि रोपे

संपादकांना लेख हवा होता तो आकाशवाणीतल्या व्यंकटेश माडगूळकरांवर. त्यासाठी खरे तर पुण्याला जायचे. मी गेलो नागभीडला. नॅरोगेज अजून चालू होती (२०१९ साली ती थांबली). पुढे गोंदियाच्या गाडीने मला नागझिऱ्याकडे जायचे होते. रेडिओवरच्या या माणसाने त्या जंगलात मुक्काम करून आख्खे पुस्तक लिहिले. तिथे तो काय ऐकत बसला असेल, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

माडगूळकरांचा जन्म १९२७चा, आटपाडीजवळच्या माडगूळचा. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली. १९४९ साली 'माणदेशी माणसं' आले, १९५५ साली 'बनगरवाडी', आणि त्याच सुमारास पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात नोकरी. 'बनगरवाडी'चे कुठलेही पान मोठ्याने वाचून पाहा, जीभ कुठे अडखळत नाही. वाक्य संपते तिथे श्वासही संपतो. रेडिओचे लिहिणे असेच लागते, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. म्हणजे नोकरी मिळायच्या आधीच त्यांचा कान तयार होता.

ते नोकरीला लागले त्याच काळात, १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राचा एक मोठा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी मंडळे नेमली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची, जमेल ते करून पाहायचे, आणि शंका केंद्राला लिहून कळवायच्या. मला यातले हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाव बोलू लागले की निर्मात्याची खरी परीक्षा सुरू होते. नागभीडचा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे नागभीडपर्यंत यातले काही पोचले नाही.

नागभीडला गाडीला वेळ होता. स्टेशनापलीकडच्या एका घराच्या ओट्यावर एक म्हातारबाबा ट्रान्झिस्टर घेऊन बसले होते. नागपूरचा शेतीचा कार्यक्रम लागायचा होता. मी हात लावून बटण फिरवू लागलो, तर म्हणाले, "तसा नाई लागत जी, अख्खा रेडिओच फिरवा लागते." संच उचलून त्यांनी त्याचे तोंड हळूहळू वायव्येकडे वळवले आणि खरखरीतून आवाज वर आला. आत फेराइटची कांडी असते. ती लहरींच्या वाटेला आडवी धरली की सर्वांत चांगले ऐकते. हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते.

कार्यक्रमात भाताच्या पुनर्लागणीवर माहिती चालली होती. बाबा मध्येच म्हणाले, "रोवणा म्हनतेत का जी?" इकडे झाडीपट्टीत रोपांना पऱ्हे म्हणतात, खाचराला बांधी, लावणीला रोवणा. माहिती बिनचूक होती, पण घरात शिरायला तिला दार सापडत नव्हते. माणदेशाच्या बोलीला माडगूळकरांचा कान मिळाला. झाडीबोलीला रेडिओच्या आत तसा कान किती मिळाला?

याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंना १९८३ साली आपल्या पटेल ३ धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षामागून वर्ष पेरून त्यांनी बारीक तांदळाचे वाण काढले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. शिक्षण जेमतेम तिसरी. २०१८ साली ते गेले. अशा माणसाच्या बांधीवर टेपरेकॉर्डर घेऊन जाणे, तासभर नुसते ऐकणे, आणि त्यातली आठ मिनिटे त्याच्याच शब्दांत ठेवणे, हे निर्मात्याचे काम.

ते करायला आता माणूस कुठून आणायचा? केंद्रांवर कायमच्या जागा रिकाम्या राहतात, हंगामी निवेदकांवर दिवस निघतो. मध्यम लहरींची प्रक्षेपणे देशभर एकेक करून बंद होत आली. एफएम स्वच्छ वाजते, पण मनोरा दिसेनासा झाला, मध्ये डोंगर आला की आवाजही तुटतो. आणि खिशातल्या मोबाइलला मध्यम लहरी मुळीच कळत नाहीत.

अंधार पडला तसे लांबचे कुठलेसे हिंदी केंद्र नागपूरवर चढू लागले. शेजारी मोटारपंप सुरू झाला, खरखर वाढली. बाबांनी संच गुडघ्यावर घेतला, कान त्याला टेकवला आणि आणखी बोटभर फिरवला.