नॉर्स पुराणकथांतील देवदूतसदृश शक्ती

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारापूर्वी स्कॅंडिनेव्हिया व आइसलँड येथे रूढ असलेल्या नॉर्स श्रद्धाविश्वात 'देवदूत' असा स्वतंत्र वर्ग आढळत नाही. ज्यू, ख्रिस्ती व इस्लाम धर्मांत देवदूतांकडे सोपवलेली कामे, म्हणजे ईश्वराचा निरोप पोहोचवणे, माणसाचे रक्षण करणे, मृताला परलोकी नेणे आणि कर्मांची नोंद ठेवणे, ही नॉर्स परंपरेत अनेक शक्तींमध्ये विभागलेली आहेत. त्यांपैकी वाल्किरी या रणदेवतांची देवदूतांशी सर्वाधिक तुलना केली जाते. 'नॉर्स लोकांचे देवदूत' हे त्यांचे लोकप्रिय वर्णन मात्र मूळ साधने पाहिल्यावर फार काळ टिकत नाही.

या विषयाची बहुतेक लिखित साधने ख्रिस्ती काळातील आहेत. स्नोरी स्टुर्लुसोन याचा गद्य 'एड्डा' सुमारे इ.स. १२२० मधला, तर प्राचीन काव्यांचे प्रमुख हस्तलिखित 'कोडेक्स रेगियस' सुमारे इ.स. १२७० मधले आहे. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला तेव्हा दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळे एखादे साम्य मुळातले आहे की लेखकाच्या शिक्षणातून आले आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

दूत ही संकल्पना

हिब्रू 'मलाख', ग्रीक 'आंगेलोस' आणि अरबी 'मलक' या तिन्ही शब्दांच्या मुळाशी निरोप नेण्याची कल्पना आहे. मराठी 'देवदूत' हा शब्दही तेच सुचवतो. नॉर्स भाषेत 'एंगिल' हा शब्द चर्चबरोबर बाहेरून आला. जुन्या श्रद्धेत त्यासाठी शब्द नव्हता. देवांची निरोप्याची कामे त्या त्या प्रसंगी कोणीतरी करत असे. बाल्डरच्या मृत्यूनंतर त्याची सुटका मागण्यासाठी हेर्मोड हा ओडिनच्या आठ पायांच्या घोड्यावरून नऊ रात्री प्रवास करत हेलच्या मृत्युलोकी जातो. तो स्वतः देवकुळातला आहे, सेवक नव्हे.

हुगिन व मुनिन (विचार व स्मृती) हे ओडिनचे दोन कावळे रोज जगभर हिंडून त्याच्या कानी वार्ता सांगतात. इस्लाममध्ये माणसाची कर्मे लिहून ठेवणाऱ्या 'किरामन कातिबीन' या देवदूतांशी त्यांचे साम्य वरवर जाणवते. परंतु ते देवदूत अंतिम न्यायासाठी नोंद ठेवतात. कावळ्यांच्या वार्तेतून कोणाचाही न्याय होत नाही. ओडिनला केवळ जाणून घ्यायचे असते.

वाल्किरी

'वाल्किरी' या शब्दाचा अर्थ 'रणात पडलेल्यांची निवड करणारी' असा होतो. ओडिनच्या आज्ञेने त्या रणभूमीवर जातात, कोण मरेल व कोण जिंकेल हे ठरवतात आणि निवडक वीरांना वाल्हाला या सभागृहात नेतात. तेथे त्या वीरांना मद्य देतात. मृतांपैकी निम्मे मात्र फ्रेया या देवीच्या वाट्याला जातात.

युद्धातील सहभाग हा भेदाचा मुद्दा होऊ शकत नाही. बायबलमध्ये ईश्वराचा दूत एका रात्रीत १,८५,००० असिरियन सैनिकांना मारतो, आणि इ.स. ६२४ च्या बद्रच्या लढाईत देवदूत मदतीला आल्याचे कुराणात सांगितले आहे. खरा भेद आहे तो कोणत्या कसोटीवर कोणाची बाजू घेतली जाते यात. देवदूत ईश्वराची आज्ञा मानणाऱ्यांच्या बाजूने लढतात. ओडिनला राग्नारोक या अंतिम युद्धासाठी सर्वोत्तम योद्धे हवे असतात, त्यामुळे तो आपल्या लाडक्या वीरालाच मरू देतो. इ.स. ९५४ मध्ये मारल्या गेलेल्या एरिक या राजावरील काव्यात हेच कारण दिले आहे: लांडगा देवांच्या निवासाकडे टक लावून आहे, वेळ कधी येईल सांगता येत नाही. वीराचे पुण्य येथे मोजले जात नाही. मोजली जाते ती त्याची उपयुक्तता.

नॉर्वेचा राजा हाकोन याच्यावरील 'हाकोनारमाल' हे काव्य या दृष्टीने विशेष बोलके आहे. हाकोन इंग्लंडच्या राजदरबारात ख्रिस्ती म्हणून वाढला होता. सुमारे इ.स. ९६१ मध्ये तो मरण पावल्यावर एय्विंड या कवीने गोंडुल व स्कोगुल या दोन वाल्किरी त्याला न्यायला आल्याचे वर्णन केले. वाल्हालाच्या दारी पोहोचल्यावरही राजाला ओडिनच्या मनाची खात्री वाटत नाही आणि तो आपली शस्त्रे जवळच ठेवू इच्छितो. देवदूताच्या हाती सोपवलेल्या ख्रिस्ती आत्म्याच्या वर्णनात अशी धास्ती अकल्पनीय ठरेल.

इ.स. १०१४ च्या क्लॉंटार्फच्या लढाईशी जोडलेल्या 'दाररादरल्योद' या काव्यात वाल्किरी मागावर वस्त्र विणतात. त्यात धागे माणसांच्या आतड्यांचे आणि वजने मुंडक्यांची आहेत. इंग्लंडमधील धर्मगुरूंनी वाल्किरीसाठीचा जुना इंग्रजी शब्द लॅटिन ग्रंथांतील सूडदेवता व युद्धदेवता बेलोना यांचा अर्थ देण्यासाठी वापरला, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही परंपरा जवळून पाहणाऱ्यांना त्या देवदूत वाटल्या नव्हत्या. भारतीय परंपरेत त्यांच्या अधिक जवळ येतात त्या वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. महाराष्ट्रातील अनेक वीरगळांवर त्या मृत वीरासोबत कोरलेल्या दिसतात. अर्थात, या साम्यावरून परस्पर संपर्क सिद्ध होत नाही.

अवज्ञा आणि शिक्षा

सिग्रद्रीफा ही वाल्किरी ओडिनने ज्याला विजयाचे वचन दिले होते त्या राजाला पाडून दुसऱ्याला जिंकून देते. ओडिन तिला निद्रेचा काटा टोचतो आणि यापुढे तिने युद्ध जिंकून न देता विवाह करावा, असे फर्मावतो. इस्लाममध्ये आदमपुढे नमन न करणारा इब्लीस (कुराणात त्याला जिन्नांपैकी म्हटले आहे) आणि ख्रिस्ती परंपरेतील पतित देवदूत हे पुढे मानवजातीला पापाकडे ओढतात. वाल्किरीच्या अवज्ञेतून मात्र सैतान निर्माण होत नाही. ती मानवी प्रेमकथेची व शोकांतिकेची नायिका होते.

फिल्ग्या व संरक्षक देवदूत

संरक्षक देवदूताशी खरे नाते दिसते ते 'फिल्ग्या' या शक्तीचे. ती एका व्यक्तीच्या किंवा कुळाच्या सोबत असते, स्वप्नात प्राण्याच्या वा स्त्रीच्या रूपात दिसते आणि तिचे दर्शन अनेकदा मृत्यूची सूचना असते. झरथुष्ट्री धर्मातील 'फ्रवशी' हीही अशीच सोबत करणारी शक्ती असून अवेस्तात ती आपल्या कुळासाठी लढताना दिसते. मुंबईतील पारशी समाज वर्षअखेरीस मुक्तादच्या दिवसांत फ्रवशींचे स्मरण करतो.

धर्मांतराच्या काळात या दोन कल्पना कशा भेटल्या, याचे चित्र 'न्यालची गाथा' या तेराव्या शतकातील ग्रंथात सापडते. थांगब्रांड हा धर्मप्रचारक मिखाएल या देवदूताच्या सणाची प्रार्थना करत असतो. सीदाचा हाल हा सरदार त्याला या देवदूताचे सामर्थ्य विचारतो. मिखाएल माणसाची बरी-वाईट कृत्ये तोलतो आणि दयाळूपणे चांगल्याला अधिक वजन देतो, हे ऐकून हाल बाप्तिस्म्याला तयार होतो. त्याची अट एकच: मिखाएलने आपला 'फिल्ग्युएंगिल' व्हावे. जुना 'फिल्ग्या' आणि नवा 'एंगिल' यांच्या जोडणीतून बनलेला हा शब्द म्हणजे एका श्रद्धेचे दुसरीत झालेले भाषांतरच होय.

याच हालचा मुलगा थिद्रांदी याची कथा अधिक करुण आहे. हिवाळ्याच्या प्रारंभीच्या सणाच्या रात्री दारावर थाप पडते. बाहेर न जाण्याची ताकीद मोडून तो जातो, तेव्हा उत्तरेकडून काळ्या वेषातील नऊ स्त्रिया व दक्षिणेकडून पांढऱ्या वेषातील नऊ स्त्रिया घोड्यांवरून येताना दिसतात. पांढऱ्या स्त्रिया पोहोचण्याआधीच काळ्या त्याला मारतात. थोरहाल हा द्रष्टा अर्थ सांगतो की, या कुळाच्याच रक्षक देवता होत्या; नवा धर्म येणार हे ओळखून जुन्यांनी आपला शेवटचा वाटा घेतला, आणि नव्यांना वाचवायचे असूनही ते त्यांना अजून शक्य नव्हते. काळ्या-पांढऱ्याची ही विभागणी ख्रिस्ती लेखकाची असावी. कुळाशी बांधलेली देवता कुळावरच उलटू शकते, ही भीती मात्र जुनीच वाटते.

प्रकाश-आल्फ

स्नोरीच्या मते वर आणखी दोन स्वर्ग असून त्यांपैकी 'विदब्लाइन' येथे सध्या केवळ प्रकाश-आल्फ राहतात. सूर्याहून तेजस्वी अशा या आल्फांचे वर्णन जुन्या काव्यांत मिळत नाही. एकावर एक स्वर्ग व त्यांत राहणारे तेजोमय जीव ही मांडणी चर्चच्या देवदूतविद्येतून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

पंखांचा प्रश्न

वाल्किरींना मूळ साधनांत देवदूतांसारखे पंख नाहीत. त्या घोड्यांवरून हवेतून व समुद्रावरून जातात. 'व्होलुंडारक्विदा' या काव्यात त्यांच्याजवळ हंसाची वस्त्रे आहेत, पण ती काढून ठेवता येतात. शिरस्त्राणावरील पंख आणि सौम्य, उजळ मुद्रा ही एकोणिसाव्या शतकातील चित्रकला व रंगभूमीची देणगी होय. रिखार्ड वाग्नरच्या 'डी वाल्क्यूर' या संगीतनाटकाचा पहिला प्रयोग इ.स. १८७० मध्ये म्युनिक येथे झाला, आणि पुढे त्याच धर्तीच्या वेषातील वाल्किरी पोस्टर, चित्रपट व खेळांतून जगभर पोहोचली.