ऐकणे कोणाचे?

‘मुलगा माझे ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांत दोष आहे असे आपणांस सुचवावयाचे नसते. कानावर पडणे आणि त्याप्रमाणे वागणे, हे दोन्ही अर्थ मराठीतील ‘ऐकणे’ या एकाच क्रियापदात नांदतात. हिब्रू भाषेतील ‘शामा’ हे क्रियापद नेमके असेच आहे. हिब्रू धर्मग्रंथांत देवाच्या आज्ञापालनाचा विषय निघाला की बहुधा हाच शब्द येतो. यहुदी लोकांच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतील मुख्य वचनाला ‘शेमा’ म्हणतात, त्याचा अर्थही ‘ऐक’ असाच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले आपल्या कोकणातील बेने इस्राएल हेच वचन पिढ्यान्‌पिढ्या जपत आले, असे त्यांची परंपरा सांगते.

या ऐकण्याचे महत्त्व इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या कथेत स्पष्ट दिसते. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या 15 व्या अध्यायात संदेष्टा शमुवेल त्याला देवाची आज्ञा कळवितो की, अमालेकी लोकांचा व त्यांच्या गुराढोरांचाही समूळ नाश करावा. शौल युद्ध जिंकतो; परंतु त्यांच्या राजाला जिवंत ठेवतो आणि चांगली मेंढरे, बैल राखून घेतो. ‘आज्ञा पाळली’ असे तो सांगू लागताच शमुवेल विचारतो, मग हे मेंढरांचे ओरडणे कसले? लोकांनी ती यज्ञासाठी राखली, अशी सबब शौल पुढे करतो. त्यावर शमुवेल बजावतो की, यज्ञापेक्षा देवाचे ऐकणे श्रेष्ठ. अखेर शौल कबूल करतो की, लोकांना भिऊन आपण त्यांचे ऐकले. येथेही क्रियापद ‘शामा’ हेच. म्हणजे शौल ऐकत नव्हता असे नाही. तो दुसऱ्याच कोणाचे तरी ऐकत होता.

परंतु ही आज्ञाच भयंकर नव्हे काय? ही शंका आजची नाही. मोठ्यांनी पाप केले असेल, तर लहानांचा काय दोष आणि जनावरांचा काय अपराध, असा प्रश्न तालमुदातील आचार्यांनी शौलाच्याच तोंडी घातला आहे. त्याच चर्चेत त्यांनी शौलाच्या पुढच्या एका कृत्याकडे बोट दाखविले आहे. दावीदाला आश्रय दिल्याच्या संशयावरून शौलाने नोब गावच्या याजकांना ठार करण्याचा हुकूम सोडला. ज्याला अमालेक्यांच्या राजाची दया आली, त्याच्याच हुकमाने 85 याजक मारले गेले आणि गावातील बायकामुलांवरही तलवार चालली.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. शौलाने प्रथम हुकूम दिला तो स्वतःच्या शिपायांना, आणि देवाच्या याजकांवर हात उचलण्यास ते तयार झाले नाहीत. तेव्हा दवेग नावाच्या परक्याने ते काम केले. निर्गमाच्या आरंभी मिसरच्या फारोने इब्री मुलगे जन्मताच मारावयास सांगितले, तेव्हा शिफ्रा व पुवा या सुइणींनी देवाचे भय धरून तेच केले: मुलगे जगविले.

म्हणून हिब्रू ग्रंथांतील देवाचे आज्ञापालन म्हणजे मान तुकवण्याची सवय, असे समजणे चुकीचे आहे. अनुवादाच्या 17 व्या अध्यायात तर राजानेच नियमशास्त्राची प्रत करून ती आयुष्यभर वाचावी, फार घोडे व फार सोनेरुपे जमवू नये, असे सांगितले आहे. राजाही कोणाचा तरी आज्ञांकित ठरला, की त्याच्या हुकमाला सीमा पडते. ती सीमा नेमकी कोठे, हा प्रश्न मात्र प्रत्येक माणसापुढे उरतोच. नोबच्या त्या शिपायांपुढे तो शस्त्रे हाती असताना उभा राहिला. त्यांची नावे ग्रंथकाराने दिलेली नाहीत, नकार मात्र नोंदविला आहे.